नळाला हात लावणारी पोरं

पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस सणापेक्षा मोठा असायचा. सणाची तारीख निदान पंचांगात सापडते. पाण्याची तारीख फक्त व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनला माहीत, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटायचं की त्यालाही ती आयत्या वेळीच कळत असावी. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा, सकाळी नाहीतर भर दुपारी तासभर पाणी यायचं. त्या तासात गल्लीत कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. ड्रम, कळश्या, जमिनीतले हौद भरून झाले की माणसं पुन्हा माणसांसारखी वागायला लागायची. मी तेव्हा सहावी-सातवीत होते.

पाणी कमी होतं हे खरंच. पण आमच्या गल्लीतली भांडणं पाण्यावरून कमी आणि मोटारीवरून जास्त व्हायची. ज्याला घाई असेल तो नळाच्या पाइपाला सरळ छोटी मोटार जोडायचा. ती लाइनीतलं पाणी ओढून घ्यायची. एकानं जोडली की शेजारच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची, मग शेजारी जोडायचा. सगळ्यांनी जोडली की पुन्हा प्रत्येकाला पहिल्याइतकंच पाणी, वर विजेचं बिल, आणि गल्लीच्या टोकाच्या घराला नुसती हवा. मोटार लावणं कायद्यात बसत नव्हतं. महापालिकेचं पथक अधूनमधून येऊन मोटारी जप्त करायचं, कधी नळही तोडायचं, आणि ते येणार आहे हे सगळ्यांना आधी कळलेलं असायचं.

टोकाचं घर माझ्या मैत्रिणीचं. पत्र्याच्या दोन खोल्या, बाजूला कुडाचा गोठा, त्यात चार-दोन बकऱ्या. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली. तिचा बाप शहरात येऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला होता आणि आई बांधकामावर मजुरीला जायची. तिला मी मावशी म्हणायची. गल्लीतल्या बायकांना त्या बकऱ्यांचा फार राग. लेंड्यांचा राग असता तर समजलं असतं, पण त्यांचा राग बकऱ्या पाणी पितात याचा होता.

टोकाला पाणी पोचलं नाही की माझ्या मैत्रिणीची शाळा बुडायची. आई-बाप दोघं कामावर, मग हीच घागर घेऊन बायपासच्या बाजूला एका बांधकामाच्या बोअरवर जायची. तिथला माणूस मनात आलं तर भरू द्यायचा, नाहीतर बसवून ठेवायचा. हे एका दिवसाचं काम नव्हतं. घरातला ड्रम कोरडा म्हणजे रोजच्या खेपा. ती इतकी गैरहजर राहिली की बाईंनी नाव काढून टाकायची ताकीद दिली. मावशीनं तिला माझ्यासमोरच सांगितलं होतं, "पाणी दारात आलं तर जा शाळंत. नाय आलं तर घरी ऱ्हा. मला दोन्ही जमायचं नाय." त्यात दुष्टपणा नव्हता. घरात पाणी लागतं आणि शाळेवाचून दिवस निघतो, एवढा साधा विचार होता.

माझे बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. दौलताबादच्या पायथ्याच्या गावात आमची शेती. चुलते शेत बघायचे आणि बाबा शहरात पगार आणायचे. जग गणितासारखं सुटलं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता आणि तो मला तेव्हा फार आवडायचा. मुलांना नुसतं "खरं बोला, वाटून खा" सांगून काही होत नाही, त्यांना ते खेळातून दिसलं पाहिजे, असं ते म्हणायचे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं ते आमच्या गच्चीवर गोळा करायचे. गावाकडून शेंगांचं पोतं आलेलं असायचं. प्रत्येकाला ओंजळभर शेंगा मिळायच्या. एक कापडी पिशवी फिरायची. त्यात झाकल्या मुठीनं हव्या तितक्या शेंगा टाकायच्या, किंवा टाकायच्याच नाहीत. पिशवीत जे जमेल त्यात बाबा आपल्याकडून तेवढीच भर घालायचे आणि ते सगळ्यांना सारखं वाटून द्यायचे.

पहिल्या फेरीत पिशवी फुगायची. दुसरीत कमी. एखाद्याच्या ध्यानात यायचं की आपण काही टाकलं नाही तरी वाटा मिळतोच. तो हातातल्या शेंगा खिशात घालायचा, आणि त्याचा खिसा बघून बाकीचेही शहाणे व्हायचे. चार-पाच फेऱ्यांत पिशवी रिकामी. मग बाबा म्हणायचे, "आता उघड्या हातानं टाका." की लगेच पिशवी पुन्हा भरायची. डोळ्यांदेखत सगळे सज्जन. बाबा टाळी वाजवून हसायचे, जणू त्यांनी काही नवीनच शोध लावला. फक्त माझी मैत्रीण झाकल्या मुठीतसुद्धा दर वेळी सगळ्या शेंगा टाकायची. बाबांनी कौतुकानं विचारलं, "तू का गं टाकतेस सगळ्या?" ती म्हणाली, "शेंगा तुमच्याच हायत की सर." बाबांनी पिशवी पुढं सरकवली. मी पोट धरून हसले.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी गच्चीवर मोठ्या माणसांची बैठक बोलावली. म्हणाले, सगळ्यांनी मोटारी काढल्या तर टोकापर्यंत पाणी जाईल आणि कुणाचंच कमी होणार नाही. माना डोलल्या. आमच्या गल्लीत मान डोलवायला कधीच कुणाची हरकत नसायची. पोस्टातल्या काकांनी विचारलं, "आणि कुणी गुपचूप लावली तर? सांगणार कोण?" यावर सगळे चपला बघायला लागले. प्रश्न चोख होता. जो शेजाऱ्याच्या फाटकात जाऊन "तुमची मोटार चालू आहे" म्हणेल, त्याचं त्या घराशी जन्माचं वाकडं येणार. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, साखर-दूध उसनं मागणं बंद. फायदा सगळ्या गल्लीचा आणि वाईटपणा एकाचा. तो कोण घेईल?

बाबांनी उत्तर काढलं. पोरं सांगतील. लेकराच्या बोलण्याचा कुणाला राग येत नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. मलाही त्या रात्री अभिमानानं झोप आली नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, सगळं बिनसलं ते तिथंच. ज्या बोलण्याचा राग येत नाही, ते बोलणं पुसून टाकायलाही काही लागत नाही. पण हे गणित बाबांनी तेव्हा मांडलं नाही आणि मांडायला मी कोण होते?

तपासणीची पद्धत सोपी होती. प्रत्येक घराच्या फाटकाजवळ नळाचा पाइप जमिनीतून वर आलेला असायचा. पाणी सुटलं की आम्ही पोरं घरोघर फिरून त्याला हात लावायचो. मोटार चालू असली की पाइप तळव्यात थरथरायचा. आणि वरच्या बाजूला कुठं मोटार ओढत असली की खालच्या घराचा नळ उलटी हवा खायचा. नळाच्या तोंडाला तळवा लावला की तो आत ओढला जायचा. थोड्या दिवसांत आमचे हात असे तयार झाले की पाइपाला बोट लावलं तरी कळायचं. ज्याच्याकडं मोटार सापडेल त्यानं पुढच्या पाण्याला सगळ्यांचं झाल्यावर आपला नळ उघडायचा, अशी शिक्षा ठरली.

पहिले सापडले ते पोस्टातले काकाच. मी फाटकात उभी राहून ठरल्याप्रमाणे ओरडले, "काकांच्या घरी मोटार!" काका बनियनवर बाहेर आले, कान पकडले, हसले आणि पुढच्या पाण्याला खरंच शेवटी थांबले. त्यांच्या हसण्यामुळं शिक्षा घेणं सोपं झालं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, टोकाला पाणी जात राहिलं. धार जाडजूड नव्हती, पण ड्रम भरायचा. माझी मैत्रीण रोज शाळेत यायला लागली. सातवीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, तेही गणितात. बाबांनी तिला पेन दिलं आणि मला टोमणा.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून दुमजली घर होतं. तिथल्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ नेमकं काय करायचे हे सांगता येत नाही, पण त्यांच्याशिवाय काही व्हायचं नाही. दाखला पाहिजे, दवाखान्यात खाट पाहिजे, पोराला कामावर लावायचंय, तर भाऊ. आणि मुख्य म्हणजे गुंठेवारी. आमच्या सगळ्या गल्लीतले प्लॉट गुंठ्या-गुंठ्यानं विकत घेतलेले, बाँडपेपरवरचे व्यवहार, सरकारदरबारी घरं बेकायदा. ती नियमित करून घ्यायची तर चकरा मारायला ओळखीचा माणूस लागतो. गल्लीतल्या प्रत्येक घराचे कागद भाऊंच्या हातात होते. आमचेही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी पाणी सुटलं आणि मैत्रिणीच्या नळानं तिचा तळवा आत ओढला. ती मला बोलवायला आली. आम्ही नेहमीप्रमाणे पोरांचा घोळका घेऊन खालून वर तपासत निघालो. एकेक पाइप शांत. भाऊंच्या फाटकाशी आलो तसा घोळका मागंच रेंगाळला. एक जण म्हणाला, "चल ना यार, इधर कुछ नहीं है." हात न लावताच म्हणाला. मग दुसरा घरी जायचंय म्हणाला, तिसरीची चप्पल तुटली. पोरांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मोठ्यांच्या तोंडाकडं बघून त्यांनी ते आपापलं उचललं होतं. आम्ही दोघीच फाटकात शिरलो. मी हात लावला, मग तिनं लावला. पाइप थरथरत होता. कडेला गोणपाटानं झाकलेला खड्डा होता आणि आवाज त्यातून येत होता.

संध्याकाळी गच्चीवर बैठक होती. भाऊ खुर्चीवर बसले होते, बाकीचे सतरंजीवर. मी ठरल्याप्रमाणे उभी राहिले आणि सांगितलं, "आज भाऊंच्या घरी मोटार होती."

भाऊ हसले. "अरे बेटा, माझा हौद तर मागंच भरलेला हाय. मला कशाला पायजे मोटार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, गरजच नव्हती. सगळे बाबांकडं बघायला लागले. मीही बघितलं. मला खात्री होती, बाबा आता म्हणतील, चला, जाऊन बघू. गच्चीवरून भाऊंचं फाटक दिसत होतं.

बाबा म्हणाले, "तुझी चूक झाली असंल. रस्त्यानं टँकर गेला असंल, त्याचा हादरा बसतो."

"नाय बाबा, आम्ही दोघींनी..."

"चुकलीस म्हटलं ना." मग ते सगळ्यांकडं वळून हसल्यासारखं करत म्हणाले, "हिचा लहानपणी कान फुटला होता. तसंही एका कानानं कमीच येतं ऐकू."

कान फुटला होता हे खरं आहे. पण मी पाइपाला हात लावला होता, कानाचा काही संबंधच नव्हता. ही गोष्ट त्या गच्चीवर कुणालाही सुचली नाही. गणिताच्या मास्तरांनाही नाही. सगळे सुटल्यासारखे हसले आणि कुणीतरी चहाचं विचारलं. माझी मैत्रीण जिन्यात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, तिचे तर दोन्ही कान चांगले होते.

घरी आल्यावर मी रडून गोंधळ घातला. बाबांनी मला समोर बसवून समजावलं. भाऊंना दुखावलं तर उद्या सगळ्या गल्लीचे कागद अडकतील. एका घराच्या पाण्यासाठी सगळ्यांची घरं पणाला लावायची का? विचार कर, म्हणाले, भावनेनं नको, हिशेबानं. आई भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "मग पोरीला कशाला शिकवलं हे सगळं?" बाबा कपडे बदलायला आत गेले.

त्यानंतर मोटारी एकेक करून परत आल्या. कुणी जाहीर केलं नाही. भाऊंकडं आहे हे सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत. मग पोस्टातल्या काकांनी लावली, आता त्यांना कान पकडायची गरज राहिली नव्हती. पोरांच्या फेऱ्या काही दिवस चालल्या. पण आधी कुणाचं घर ते बघायचं आणि मग हात लावायचा की नाही ते ठरवायचं, एवढं सगळे शिकले होते. शेवटी फेऱ्याही थांबल्या. आमच्याकडं मोटार आली तेव्हा बाबांनी मला कारण सांगितलं. आपण नाही लावली तर ते पाणी टोकाच्या घरी थोडंच जाणार आहे? ते पुढच्याच्या हौदात जाणार. म्हणजे आपलं नुकसान आणि त्यांचा फायदाही नाही. हिशेब बरोबर होता. मी तो कितीतरी वेळा करून पाहिला आहे, प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं. त्याचाच मला राग आहे.

माझी मैत्रीण पुन्हा घागर घेऊन बायपासला जायला लागली. आठवीची सहामाही तिनं दिली नाही. बाईंनी नाव काढलं. मी तिला वह्या नेऊन द्यायची, ती उंबऱ्यावर बसून त्या चाळायची, पण बोअरवर जायची वेळ झाली की बंद करायची. एकदा तिनं बीजगणिताचं एक उदाहरण मला विचारलं. मला ते आलं नाही. मी म्हटलं बाबांना विचारते. ती म्हणाली, "सरला नको विचारू."

मग मावशीनं एक बकरी विकली आणि भंगारवाल्याकडून जुनी मोटार आणली. इतकी खटारा मोटार की सुरू केली की सगळी गल्ली दणाणायची. पहिल्याच पाण्याला त्यांच्या अलीकडच्या दोन घरांची धार बारीक झाली, आणि इतके दिवस एकमेकांच्या फाटकाकडं ढुंकूनही न बघणारी माणसं टोकाच्या घरासमोर जमा झाली. बाबाही होते. "बकऱ्यांना पाजायला मोटार लावता?" कुणीतरी ओरडलं. "गल्लीचं काही ठरलेलं हाय का नाय?" मोटार सगळ्यांकडं होती, पण ज्यांच्यावर ओरडलं तरी काही बिघडत नाही असं घर एकच होतं. मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "व्हय, लावली. तुमच्या काढा, मी माझी काढते." हे बोलणं कुणी ऐकल्यासारखं केलं नाही. भाऊंनी तिथूनच फोन लावला.

पुढच्या पाण्याला पथक येणार हे गल्लीला कळलेलं होतं. सगळ्यांच्या मोटारी सकाळीच निघून माळ्यावर गेल्या. आमची पलंगाखाली गेली, वर जुनी चादर. टोकाच्या घराला मात्र कुणी कळवलं नाही. मलाही घरी कुणी काही सांगितलं नव्हतं. मी शाळेत होते, आले तेव्हा महापालिकेची गाडी गल्लीत शिरत होती. मी धावत जाऊन मैत्रिणीला सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून मोटार पाइपातून ओढून काढली. हात कापला तिचा. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या होत्या, त्यांच्याखाली ती सरकवली आणि मी मागच्या मोकळ्या प्लॉटातून फिरून पुन्हा रस्त्यावर आले.

पथकातला माणूस कंटाळलेला होता. पाइपाकडं बघून म्हणाला, "इथं तर काही दिसत नाही." मावशी त्या दिवशी कामावर गेली नव्हती. ती म्हणाली, "नायच काही. लोकं जळत्यात." भाऊंच्या घरचं कुणी आलं नव्हतं, फक्त आमच्यासारखी मधली घरं जमली होती. पोस्टातले काका म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत पोरं तपासतात. सरांची मुलगी हुशार आहे त्यात. तिलाच विचारा की. तिनं मागच्या पाण्याला हात लावून बघितला असंल."

सगळे माझ्याकडं वळले. कितीतरी महिन्यांनी गल्लीला माझा हात आठवला होता. त्या माणसानं विचारलं, "काय गं, मोटार होती का इथं?" मैत्रीण गोठ्याच्या तोंडाशी बकरीच्या गळ्यातली दोरी धरून उभी होती. कापलेला हात तिनं ओढणीत धरला होता. तिची शाळा गेलीच होती. आता नळ तोडला तर त्या घराचं शहरात राहणंच संपणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणाले, "नव्हती. मी हात लावून बघितला. इथं मोटार नव्हती."

मी आयुष्यात इतकं ठाम कधी बोलले नव्हते. तो माणूस वही मिटायला लागला. मला वाटलं सुटलो.

तेव्हा बाबा पुढं आले. शांतपणे, समजूतदार आवाजात म्हणाले, "साहेब, तिचं धरू नका. तिला नीट कळत नाही ऐकलेलं. मागंही एकदा अशीच चुकली होती." आजूबाजूच्या माना हलल्या. "व्हय, मागं भाऊंच्या टायमाला," कुणीतरी म्हणालं. मी खरं बोलले तेव्हा ज्या वाक्यानं मला खोटं पाडलं होतं, त्याच वाक्यानं माझं खोटंही फुकट गेलं. त्या माणसानं इकडं तिकडं बघितलं आणि गोठ्यात जाऊन कडबा उचलला.

मोटार जप्त झाली. नळाचं कनेक्शन त्याच दुपारी तोडलं, दंड भरल्यावर जोडू म्हणाले. दंड भरणं त्यांना होणारं नव्हतंच. कुदळीनं पाइप उघडा करून टोपण बसवताना मावशी बघत उभी राहिली. ती भांडली नाही. मैत्रीण बकऱ्या घेऊन प्लॉटाच्या पलीकडं निघून गेली आणि गाडी जाईपर्यंत आली नाही.

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "सगळ्यांसमोर खोटं बोललीस. हे शिकवलं का मी तुला?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी खूप वर्षं या गोष्टीकडं सगळ्या बाजूंनी बघितलं आहे आणि ते ढोंग करत होते असं मला म्हणता येत नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले होते आणि बाबा खरं. मोटार निघालीच होती की कडब्याखालून. मी ताट सारून उठले. तेव्हा मला त्यांचा जो राग आला तो त्यांच्या म्हातारपणी, त्यांची औषधं देताना, त्यांना धरून चालवतानाही माझ्या मनात होता. माया कमी झाली नाही, रागही कमी झाला नाही. दोन्ही एकाच घरात राहिले.

महिनाभरात टोकाचं घर रिकामं झालं. बाप कारखान्याच्या गेटवरच राहायला लागला आणि मावशी पोरीला आणि उरलेल्या बकऱ्या घेऊन कन्नडकडं माहेरच्या गावाला गेली. त्यांच्या नळाचं पाणी गेल्याबरोबर अलीकडच्या घराचं पाणी कमी झालं, कारण वरच्या मोटारी तशाच ओढत होत्या आणि आता तेच टोकाचं घर होतं. त्यांनी मोठी मोटार आणली.

मी नववीत होते. दिवाळीच्या आधी बाबांबरोबर गुलमंडीला गेले होते, घराला पडदे घ्यायचे होते. आमची घरं तोवर नियमित झाली होती, बाबा खूश होते. कापडाच्या दुकानात गादीवर पाच-सहा बायका बसून लग्नाचा बस्ता बांधत होत्या. साड्यांचा ढीग पडला होता. त्यांतली एक मावशी होती. तिच्या शेजारी माझी मैत्रीण. डोक्यावर पदर होता आणि कुणीतरी तिच्या खांद्यावर हिरवी साडी टाकून रंग बघत होतं. माझ्याच वयाची, चौदा सरून पंधरावं लागलेलं. मला बघून ती हसली आणि लगेच खाली बघितलं.

बाबा मास्तरी आवाजात म्हणाले, "अहो, इतक्या लवकर? पोरगी हुशार होती. गणितात तर फारच."

मावशीनं साडीची घडी मोडली, परत घातली. ती बाबांना कधी उलटून बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. नेहमीसारखी आदरानं म्हणाली, "व्हय सर. पर जागा चांगली मिळाली. लई बघितल्या. या घराच्या दारात हीर हाय, बारा म्हईने पाणी. म्हणून दिली."

बाबा म्हणाले, "छान झालं." मग त्यांनी दुकानदाराला पडद्याचं कापड दाखवायला सांगितलं.